जळगावहून पाच मित्र फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगला जातोय. तिथलं हवामान सारखं बदलतं म्हणतात. कोणत्या तारखा घ्याव्यात आणि काय तयारी करावी? गोंडोलाने (दोन टप्प्यांत डोंगरावर नेणारी केबल कार) वर जायचं की नाही ते तिथं गेल्यावर बघू.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतची कोणतीही तारीख चालेल. परतीच्या विमानाआधी श्रीनगरात एक दिवस मोकळा ठेवा, बर्फात उड्डाणं रद्द होतात.

पण तुम्ही शेवटी लिहिलंय, "वर जायचं की नाही ते तिथं गेल्यावर बघू", ते मला पटत नाही. आमच्या भुसावळच्या ग्रुपचं यावरूनच वाजलं. सकाळी आकाश निळंशार, अफरवट, म्हणजे गुलमर्गच्या वरचं शिखर, स्वच्छ दिसत होतं. दुपारच्या आत पश्चिमेकडून ढग चढले, वारा सुटला. मी म्हटलं, कोंगडोरीलाच (पहिला टप्पा संपतो ते स्टेशन) थांबू. एकाचं एकच पालुपद : "दुसऱ्या टप्प्याचे पैसे भरले ना भो!" दोघं वर गेले, बाकीचे थांबलो. पुढे वाऱ्यामुळे गोंडोला बंद झाला आणि त्या दोघांना ढगातून स्कीवरच उतरावं लागलं. "आलो ना खाली धड?" हे तो अजून ऐकवतो. धड आला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, दुसऱ्या टप्प्याचं वरचं स्टेशन ३,९०० च्या पुढे. म्हणजे खालच्यापेक्षा वर सात-आठ अंश जास्त थंडी. उणे ५ ला ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला ते उणे १४ सारखं झोंबतं. ढगात शिरलात की सावलीच पडत नाही. खड्डा, उंचवटा, उताराची धार, काहीच कळत नाही. गॉगलची गडद काच तिथं घातक, पिवळी किंवा गुलाबी काच खिशात हवीच. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात ठेवा.

म्हणून आदल्या रात्रीच ठरवा : किती वाजता परत फिरायचं, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं. सगळ्यात कच्चा जो असेल, त्याने "नको" म्हटलं की विषय संपला. तिकिटाचे पैसे या हिशेबात धरायचेच नाहीत.

कपड्यांत सुती काहीही नको, बनियनसुद्धा नाही. सूत घाम धरून ठेवतं आणि लिफ्टवर बसलात की अंग गारठतं. बुटात एकच पातळ, लांब लोकरी मोजा. दोन घातले तर पाय आवळतो, रक्त फिरत नाही, बोटं आधी बधिर होतात. भाड्याच्या स्कीचं बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्हाला किती येतं हे सांगून समोर लावून घ्या. फार घट्ट असेल तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो.

हे सगळं थोडंफार स्की येणाऱ्यांसाठी. पाचही जण नवखे असाल तर दुसऱ्या टप्प्यावरून उतरायचा विचारच सोडा, खालच्या सोप्या उतारावर प्रशिक्षक घ्या. ताजा बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस हिमस्खलनाचा धोका जास्त, तेव्हा गस्तवाल्यांनी बंद केलेल्या बाजूला कोणीच फिरकू नका. आणि बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, म्हणजे वरचा आणि खालचा बोलू शकेल.