वाचकांचे प्रश्न : इमारतीचं नेटवर्क, भिंती उभ्या राहण्याआधी

प्रश्न : आमच्या सहा मजली कार्यालयाचे नकाशे तयार होत आहेत. प्रत्येक मजला ७० बाय ३० मीटरचा आहे. सल्लागार म्हणतात, नेटवर्कचं नंतर पाहू, केबल फॉल्स सीलिंगमधून जाईलच. तोवर थांबायला हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. केबल नंतर ओढता येईल, पण तिला लागणारी खोली, शाफ्ट आणि स्लॅबमधली भोकं नंतर मिळणार नाहीत. पॅच पॅनलपासून, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या पट्टीपासून, भिंतीतल्या सॉकेटपर्यंतच्या तांब्याच्या केबलला ९० मीटरची मर्यादा आहे आणि केबलचा ट्रे काटकोनात वळत जातो. रॅकची (पॅच पॅनल आणि स्विच बसवायच्या कपाटाची) खोली मजल्याच्या एका कोपऱ्यात दिली, तर समोरच्या कोपऱ्यापर्यंत ७० अधिक ३० असे १०० मीटर तिथेच झाले. चढउतार त्याहून वेगळा. तीच खोली लांबीच्या मध्यावर आणली, तर ३५ अधिक ३० म्हणजे ६५ मीटर होतात आणि चढउतार धरूनही काम भागतं.

सगळ्या मजल्यांवरच्या या खोल्या एकावर एक येऊ द्या. डोक्यावर स्वच्छतागृह किंवा पाण्याची लाइन नको. एसी स्वतंत्र हवा, कारण मध्यवर्ती यंत्रणा रात्री बंद होते, नेटवर्क स्विच मात्र चालूच असतात. स्लॅब ओतण्याआधी खोलीमागे १०० मिलिमीटरच्या किमान चार स्लीव्ह (केबल जाण्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेले पाइपाचे तुकडे) टाकून घ्या, त्यातली निदान एक रिकामी राहू द्या. केबल ओढून झाल्यावर सगळ्यांची तोंडं, रिकामीचंसुद्धा, अग्निरोधक मसाल्याने बंद करायची. ही बाब दरपत्रकात वेगळी लिहा, नाहीतर ती कुणीच करत नाही आणि आग लागली की धूर तिथूनच वर चढतो.

पाइप ४० टक्क्यांहून जास्त भरू नये. २५ मिलिमीटरच्या पाइपात कॅट सिक्स प्रकारच्या तांब्याच्या चार, तर त्याच्या पुढचा सिक्स-ए प्रकार जाड असल्याने त्याच्या तीनच केबल बसतात. दोन काटकोनी वळणांनंतर पुलबॉक्स (केबल ओढायला उघडता येणारी पेटी) द्या. मजल्यांना जोडायला सिंगल मोड (लांब अंतराला चालणारी) फायबर घ्या, प्रत्येक मजल्याला १२ कोअर, म्हणजे काचेचे १२ तंतू. इंटरनेट सेवा कंपन्या दोन घेणार असाल, तर त्यांचे प्रवेशमार्ग इमारतीच्या दोन बाजूंनी ठेवा. दोघींच्या केबल एकाच चरात असतील, तर जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो.

प्रश्न : वीज आणि डेटा एकाच ट्रेमधून नेले तर?

उत्तर : नेऊ नका. जागाच नसेल, तर मध्ये अर्थिंग केलेला धातूचा पडदा हवा. एकमेकांना ओलांडायची वेळ आली, तर काटकोनात ओलांडा.

प्रश्न : कुंपणावरच्या कॅमेऱ्याची केबल काढून कुणी लॅपटॉप जोडला, तर तो आमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचेल का?

उत्तर : कॅमेरे आणि संगणक एकाच नेटवर्कवर असतील, तर वाट मोकळीच आहे. कॅमेऱ्यांना वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेलं स्वतंत्र नेटवर्क) द्या आणि फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्यावर, त्यांना फक्त रेकॉर्डरशी बोलू द्या. स्विचच्या पोर्टवर ८०२.१एक्स पडताळणी लावा, म्हणजे ओळख पटल्याशिवाय उपकरण जोडलं जात नाही. ती न जमणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यासाठी पोर्टला त्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा कारखान्यातून आलेला क्रमांक) बांधतात, पण त्यावर विसंबू नका. तो पत्ता बहुधा कॅमेऱ्याच्या स्टिकरवरच छापलेला असतो आणि नक्कल करणं सोपं असतं. म्हणून व्हीलॅनचं कुंपण महत्त्वाचं. न वापरलेले पोर्ट बंद ठेवा, स्वागतकक्षातले आणि बैठकीच्या खोलीतले आधी. बाहेरच्या खांबापर्यंत फायबर न्यावी, म्हणजे पडलेल्या विजेचा धक्का केबलवाटे इमारतीत येत नाही आणि अंतराचीही अडचण राहत नाही.

आणखी एक वाट सहसा नजरेतून सुटते. लिफ्ट, एसी किंवा जनरेटरचा कंत्राटदार दुरून देखभाल करता यावी म्हणून आपल्या पॅनेलमध्ये सिमकार्डवाला राउटर बसवून जातो. तुमची फायरवॉल समोरच्या दारावर असते, हे मागचं दार. ताबा घेताना प्रत्येक पॅनेल उघडून पाहा, कारखान्यातले आणि बांधकामाच्या काळातले पासवर्ड बदला, रॅकच्या किल्ल्या मोजून घ्या.

प्रश्न : कंत्राटदार टेस्टरवरचे आठ दिवे दाखवून काम पूर्ण झालं म्हणतो. मानावं का?

उत्तर : नाही. दिव्यांवरून तारा अखंड आहेत आणि क्रमाने लागल्या आहेत, एवढंच कळतं. जोडताना जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरहून जास्त सोडला, केबल ११० न्यूटनपेक्षा जोराने ओढली किंवा नायलॉनच्या टायने करकचून आवळली, तरी दिवे लागतातच. नंतर वेग पडतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलही या चाचणीत पास होतात. त्यांचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, म्हणून पीओईवर (डेटा केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देताना) त्या तापतात आणि लांबचा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवा लागला की रीस्टार्ट होत राहतो. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर माल परत करा.

फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी प्रत्येक लिंकची प्रमाणन चाचणी करून घ्या. तिच्यात क्रॉसटॉक (एका जोडीतला सिग्नल दुसरीत झिरपणं), रिटर्न लॉस (सिग्नल उलटा परतणं) आणि लांबी मोजली जाते. अहवाल टेस्टरच्या मूळ फाइलमध्ये मागा, पीडीएफमध्ये नको. शेजारच्या दहा पोर्टचे आकडे दशांशापर्यंत तंतोतंत जुळले, तर मोजणी एकाच पोर्टची झाली आहे असं समजा.