गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

प्रश्न : माझी 2009 सालची पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबवत नाही, म्हणून हीच सांभाळून वापरते. दोन महिन्यांपासून पार्किंगच्या फरशीवर लालसर तेल पडतंय. परवा पुण्याहून येताना खंबाटकी चढताना इंजिन नुसतंच ओरडलं, गाडी ओढेना. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करा. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, गिअरबॉक्समधल्या तेलाची लेव्हल तपासेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. ऑटोमॅटिकचं तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे बाहेरच गेलं. आणि ते नुसतं वंगण नाही, त्याच्याच दाबाने आतल्या क्लचप्लेटा घट्ट धरल्या जातात. तेल कमी असताना चढावर पंप हवा ओढतो, दाब जातो, प्लेटा घसरतात. असं फार दिवस चाललं तर त्या जळतात, आणि मग ओव्हरहॉल खरंच करावा लागतो.

लेव्हल गाडी गरम असताना, सपाट जागेवर बघायची. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात. काही गाड्यांना डिपस्टिकच, म्हणजे तेल मोजायची पट्टीच, नसते, तिथे खालचा प्लग काढून बघावं लागतं. डिपस्टिकवरचं तेल पांढऱ्या कपड्यावर टिपा. लाल किंवा फिकट तपकिरी असेल तर जीवात जीव आहे. काळं आणि करपल्या वासाचं असेल तर प्लेटांना मार बसलाय. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी तेलात शिरलंय, गाडी अजिबात चालू करू नका.

आता गळती. मी पस्तीस वर्षं गाड्यांखाली झोपून काम केलं, त्यावरून सांगतो : थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही. चालत्या गाडीत वारा तेल मागे नेतो. गिअरबॉक्स खालून धुऊन कोरडा करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा, दहा किलोमीटर फिरवून आणा. पावडरीत ओली रेघ उमटते, ती वरपर्यंत बघत जायची. माझ्याकडे ओव्हरहॉल सांगितलेली एक गाडी आली होती. रेघ निघाली रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी होजच्या क्लिपपाशी. होज तडकला होता. दुपारी गाडी मालकाकडे परत गेली.

चेंबरचं (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या तबकाचं) पॅकिंग, अ‍ॅक्सल सील, होज ही कामं गिअरबॉक्स न उतरवता होतात. रेघ इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून आली तर मात्र पुढचं सील गेलंय. ते स्वस्त असतं, पण गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हाताला येत नाही. तेवढ्यासाठी सगळा गिअरबॉक्स उघडायचं कारण नाही. पंधरा वर्षांत रबर कडक होणारच.

गळती थांबवणारं औषध ओतू नका. ते रबर फुगवतं, गळती काही दिवस थांबते, तडकलेला होज तसाच राहतो. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला. रस्त्यावरच्या गॅरेजात ‘गिअर ऑइल’ म्हणालात तर नव्वद नंबरचं जाड तेल ओततील, ते या गिअरबॉक्सला चालत नाही. जास्तही भरू नका, फेस होतो.

आणि गाडी गॅरेजपर्यंत ओढून न्यायची झाली तर दोर बांधून नको. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तेव्हा पुढची चाकं उचलून, नाहीतर सरळ टेम्पोवर चढवून न्या.