सेन्सर जरूर घ्या, पण विम्याचा हप्ता मोडून नको

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "आम्ही दोघंच राहतो, दोघंही निवृत्त. घर रस्त्यापासून आत आहे. फाटकापासून दारापर्यंत साधारण ४० मीटरचा ड्राइव्हवे. वर्षातले तीन महिने मुलीकडे असतो, तेव्हा घर बंद. ड्राइव्हवेवर कोणी आलं की कळावं म्हणून सेन्सर बसवायचा आहे. एका कंपनीचं पॅकेज पाहिलं: बसवणं मोफत, सुरुवातीला नोंदणी शुल्क, मग दरमहा शुल्क, पाच वर्षांचा करार, आणि मुदत संपल्यावर मासिक शुल्काचं निम्मं परत. दुसरा पर्याय म्हणजे सुटे सेन्सर आणून स्वतः बसवणं. कोणतं बरं? खर्च बसावा म्हणून या वर्षी घरविम्याचा हप्ता भरायचा नाही असं ठरवतोय. अलार्म असल्यावर विम्याची तशी गरज नाही, आणि पुढे घेतलाच तर २० टक्के सवलत मिळेल, असं पॅकेजवाल्यांनी सांगितलं. नूतनीकरणाची तारीख तीन आठवड्यांवर आली आहे. कृपया रकमा छापू नयेत."

रकमा छापत नाही. तुमचा महिन्याचा घरखर्च १०० धरतो आणि बाकीचे आकडे त्याच मापात मांडतो.

विचारलंत त्याचं उत्तर आधी: सुटे सेन्सर घ्या, पॅकेज नको. पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सेन्सरबद्दलचं नाहीच. विमा सोडायचा बेत तुम्ही एका ओळीत उरकलात, आणि मला त्यावरच जास्त बोलायचं आहे.

पॅकेजचं मासिक शुल्क ४, म्हणजे वर्षाला ४८. विम्याचा हप्ता वर्षाला ३०. म्हणजे ३० वाचवून ४८ चा खर्च ओढवून घ्यायचा, आणि जे ३० वाचतात त्यांच्या मागे किती मोठी रक्कम उभी आहे ते बघा. तुमचं घर आज नव्याने बांधायला २०,००० लागतील, असं तुम्हीच लिहिलंय. आतलं सामान २,००० चं. सेन्सर काय करतो? फाटकातून कोणी आलं की घंटी वाजवतो. स्वयंपाकघरात वायर जळाली, गच्चीवरची टाकी फुटली, वादळात झाड छपरावर पडलं, यातलं काहीही त्याला कळत नाही. विम्यातला चोरीचा धोका हा एक कोपरा आहे. घराचं मोठं नुकसान आग आणि पाणी करतं. "अलार्म असल्यावर विम्याची गरज नाही" असं सांगून कोणी वस्तू विकत असेल, तर त्याच्याकडून वस्तूही घेऊ नका.

आता तुमची सध्याची पॉलिसी. तीही जशीच्या तशी चालू ठेवू नका. विमा रक्कम अकरा वर्षांपूर्वी ठरवलेली, घरासाठी १२,००० आणि सामानासाठी १,०००. तेव्हापासून बांधकामाचा खर्च वाढला, तुम्ही एक खोलीही वाढवलीत, पण रकमेला कोणी हात लावला नाही. काही घरविम्यांत, विशेषतः जुन्या पॉलिसींत, सरासरीची अट असते, पॉलिसीत तिला 'अ‍ॅव्हरेज क्लॉज' म्हणतात. तुमच्या पॉलिसीत ती आहे का बघा; असेल तर खऱ्या किमतीच्या जितक्या हिश्शाचा विमा, तितकाच हिस्सा दाव्यात मिळतो. २०,००० च्या घराचा विमा १२,००० चा, म्हणजे ६० टक्के. आगीत १,००० चं नुकसान झालं तर हातात ६००, आणि त्यातूनही तुम्ही सोसायची ठरलेली वजावट कापली जाणार. सामानाच्या बाबतीत तर हिस्सा निम्माच. "नुकसान १,००० चं आणि विमा १२,००० चा, मग पूर्ण का नाही मिळालं?" हा प्रश्न लोकांना दाव्याची रक्कम कापून मिळाल्यावर पडतो. तुम्ही तो आज विचारा.

घराची विमा रक्कम काढताना जमिनीची किंमत धरू नका. जमीन जळत नाही, चोरीला जात नाही. पुन्हा बांधायला लागेल तो खर्च धरा, त्यात पडझड उपसून नेण्याचा आणि अभियंत्याचा खर्च मिळवा. बाजारभाव धरलात तर विनाकारण जादा हप्ता भराल. तुमच्या बाबतीत रक्कम योग्य केली की हप्ता ३० चा साधारण ५० होईल. जास्त वाटला तर वजावट वाढवून घ्या. पहिले १५-२० तुम्ही सहज सोसू शकता, २०,००० नाही.

यापेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे ते तीन महिने. घर सलग ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं, तर अनेक पॉलिसींमध्ये चोरी, तोडफोड आणि पाणीगळतीचं संरक्षण थांबतं. ही मर्यादा बहुधा ३० किंवा ६० दिवसांची असते. तुम्ही ९० दिवस बाहेर असता. म्हणजे ज्या काळासाठी तुम्ही सेन्सर शोधताय, नेमक्या त्याच काळात तुमचा विमा गेली कित्येक वर्षं अर्धा बंद असण्याची दाट शक्यता आहे. पॉलिसीच्या अटींमध्ये 'विनावापर' किंवा 'अनऑक्युपाइड' हा शब्द शोधा. मग विमा कंपनीला लेखी कळवा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत घर बंद असेल, त्या काळातलं संरक्षण वाढवून द्या. त्यासाठी थोडा जादा हप्ता आणि काही अटी येतील. पाण्याचा मुख्य नळ बंद ठेवणं आणि कोणीतरी ठरावीक दिवसांनी आत जाऊन घर बघणं या नेहमीच्या. शेजारी आठवड्याला चक्कर मारतात म्हणून घर 'वापरात' आहे असं मनानेच धरू नका. कंपनीकडून लेखी घ्या. फोनवरच्या "हो, चालेल"ला दाव्याच्या वेळी किंमत नाही. पॉलिसीला जोडलेली सुधारणा, म्हणजे एन्डॉर्समेंट, हातात हवी.

त्या २० टक्के सवलतीचंही बघू. ३० च्या हप्त्यावर २० टक्के म्हणजे वर्षाला ६. पॅकेजवर वर्षाला ४८. आठ वर्षांची सवलत एका वर्षात खर्च. तीही मिळेल असं नाही, कारण विमा कंपन्या सवलत देतात ती सहसा त्यांनी मान्य केलेल्या, दारं-खिडक्यांवर बसवलेल्या घरफोडीच्या अलार्मला. ड्राइव्हवेवर घंटी वाजवणारा सेन्सर त्यात क्वचितच बसतो. शिवाय सवलत घेतलीत की बऱ्याचदा पॉलिसीत एक अट येते: घर रिकामं असेल तेव्हा अलार्म चालू आणि सुस्थितीत असलाच पाहिजे. सेलं संपली, मुलीकडे निघताना चालू करायला विसरलात, आणि त्याच काळात चोरी झाली, तर दावा अडतो. सहा वाचवण्यासाठी ही जबाबदारी अंगावर घेऊ नका. प्रस्तावात अलार्मबद्दल विचारलं तर आहे ते लिहा: ड्राइव्हवेवर सूचना देणारा सेन्सर आहे. त्याला घरफोडीचा अलार्म म्हणू नका.

पॅकेजचा पूर्ण हिशेब असा. नोंदणी शुल्क २० आणि ६० महिन्यांचे २४०, एकूण २६०. 'निम्मं परत' म्हणजे १२०, पण पाच वर्षांनी. तेव्हाचे १२० आजच्या हिशेबात, वर्षाला ७ टक्के व्याज धरलं तर, ८५ च्या आसपास. तुम्ही पाठवलेल्या कराराच्या पानावर त्याखाली बारीक अक्षरांत दोन अटी आहेत: एकही हप्ता उशिरा गेला नसावा, आणि परतावा पुढच्या पाच वर्षांच्या शुल्कात वळता होईल. म्हणजे रोख काही मिळणार नाही. करार मध्येच सोडला तर उरलेलं सगळं शुल्क भरायचं, आणि यंत्रं शेवटपर्यंत कंपनीच्या मालकीची. निवृत्त माणसाने पाच वर्षांसाठी स्वतःला असं बांधून घेऊ नये. मुलीकडे कायमचं राहायला जायची वेळ दोन वर्षांनी आली तर?

सुट्या सामानाचं तुम्ही काढलेलं अंदाजपत्रक २५ चं आहे, सेलांना वर्षाला २. पाच वर्षांत ३५. त्यात सुधारलेल्या विम्याचे पाच हप्ते मिळवा, २५०. एकूण २८५. पॅकेज घेऊन पाचही वर्षं विमा टाळला असता तरी २६० जात होते. म्हणजे पाच वर्षांत फक्त २५ जास्त, महिन्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा, आणि घर पूर्ण विम्याखाली. घर बंद असतानाच्या जादा हप्त्यासाठी वर्षाला दोन-चार आणखी धरा, तरी निर्णय बदलत नाही.

आता सेन्सर. बाजारात जे मिळतं त्यात तुमच्या कामाचे तीन प्रकार. चुंबकीय प्रोब जमिनीत पुरतात, ड्राइव्हवेच्या कडेला, वाटेला समांतर, १५ ते ३० सेंमी खोल. तो हलणारं लोखंड ओळखतो, त्यामुळे कुत्री, मांजरं, पानं यांनी वाजत नाही. पण चालत येणारा माणूसही त्याला दिसत नाही. तुम्हाला भीती पायी येणाऱ्याची आहे, म्हणून हा बाद. दुसरा अवरक्त किरणांचा, दोन खांब समोरासमोर. घेतलात तर दुहेरी किरणांचाच घ्या, म्हणजे दोन्ही एकदम तुटल्याशिवाय वाजत नाही आणि एखाद्या पक्ष्याने गोंधळ होत नाही. अचूक असतो, पण दोन्ही टोकांना वीज लागते, खांब जरा हलला की जुळणी बिघडते, आणि वाढलेलं गवत किंवा कोळ्याचं जाळंही त्याला अडवतं. तिसरा पीआयआर, शरीराची उष्णता हलताना टिपणारा. तुमच्यासाठी तोच, सेलवर चालणारा, एक नाही तर दोन.

पीआयआर फसतो तो बहुतेक जागेमुळे. समोरून सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून तो वाटेच्या दिशेने रोखू नका, वाट ओलांडून आडवा रोखा. फाटकावर लावू नका; तिथून त्याला रस्ता दिसतो, प्रत्येक वाहनाला तो वाजतो, दोन दिवसांत तुम्ही आवाज बंद कराल आणि सेलं महिनाभरात संपतील. फाटकापासून ८-१० मीटर आत, १ ते १.२ मीटर उंचीवर, जराशी खाली मान घालून बसवा. उगवतीच्या-मावळतीच्या उन्हाकडे, एसीच्या बाहेरच्या यंत्राकडे आणि हलणाऱ्या फांद्यांकडे तोंड नको. मांजरांचा त्रास असेल तर भिंगाचा खालचा भाग चिकटपट्टीने झाका. काचेमागे तो काम करत नाही, त्यामुळे खिडकीच्या आत लावायचा मोह टाळा. कडक उन्हाळ्यात भिंती आणि जमीन अंगाइतक्या तापतात तेव्हा त्याचा पल्ला निम्म्यावरही येऊ शकतो. खोक्यावर १२ मीटर लिहिलं असेल तर ६ धरून जागा ठरवा.

दुसरा सेन्सर दारापासून ५-६ मीटरवर, वेगळ्या सुरावर लावा. पहिला वाजला आणि दुसरा वाजला नाही, तर बहुधा जनावर किंवा वारा. दोन्ही ओळीने वाजले तर माणूस येतोय. बिनतारी पल्ला खोक्यावर लिहिलेला असतो तो मोकळ्या मैदानातला. भिंती मध्ये आल्या की एक तृतीयांश धरा. बसवण्याआधी रिसीव्हर, म्हणजे घरात घंटी वाजवणारं यंत्र, झोपायच्या खोलीत ठेवून, सेन्सर हातात घेऊन फाटकाकडे चालत जा, आवाज कुठे तुटतो ते तिथेच कळेल. सेन्सर किमान आयपी६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा सोसणारा, असावा, रिसीव्हरला वीज गेल्यावर चालणारी सेलं असावीत, आणि बाहेर जोडणीसाठी रिले, म्हणजे घंटीबरोबर दुसरं उपकरण आपोआप चालू करणारा स्विच, असावा.

रिले महत्त्वाचा, कारण घरात कोणी नसताना घंटी ऐकणार कोण? तुमच्या तीन महिन्यांसाठी नुसता ड्राइव्हवे अलार्म निरुपयोगी आहे. रिलेवर बाहेरचा दिवा आणि तीन-चार मिनिटांत आपोआप थांबणारा सायरन जोडा. फोनवर सूचना हवी असेल तर राउटर यूपीएसवर ठेवा, नाहीतर वीज गेली की सूचनाही गेली. आणि ती सूचना मिळाल्यावर जाऊन बघणारा, किल्ली असलेला माणूस जवळ हवाच. तो नसेल तर फोनवर लांबून बघत बसण्यापलीकडे काही होणार नाही.

मागच्या दाराच्या चौकटीतली कुलपाची पट्टी छोट्या स्क्रूंवर आहे, असं तुम्ही लिहिलंत. तिथे जाड पट्टी आणि चौकटीतून भिंतीत जाणारे ७५ मिमीचे स्क्रू लावून घ्या. हे काम सेन्सरच्या आधी करा, खर्च २ सुद्धा नाही.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात विमा कंपनीला दोन गोष्टी लेखी विचारा: घर किती दिवस बंद चालतं, आणि विमा रक्कम २०,००० व २,००० केली तर हप्ता किती. सामान दाखवणारा प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, उपकरणांचे क्रमांक आणि बिलं त्यात येऊ द्या, आणि प्रत मुलीकडे पाठवा. नूतनीकरण तारखेच्या आत करा. एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका, कारण त्या दिवशी झालेल्या नुकसानीला कोणी वाली नसतो, आणि खंडानंतर कंपनी नव्याने पाहणी मागू शकते. घरावर कर्ज शिल्लक असेल तर विमा चालू ठेवणं ही कर्जाच्या करारातलीच अट असण्याची शक्यता आहे, तेही बघा. पॅकेजवाल्यांना आगाऊ काही दिलं असेल तर करारात रद्द करण्याची मुदत शोधा आणि नकार आजच लेखी पाठवा, पोच घेऊन.