बायकोला डिमेन्शिया आहे. तेच तेच विचारते, खरं सांगितलं तरी पटत नाही, मग मी ओरडतो. तिच्याशी बोलायचं कसं? आणि मला एकटं वाटतं, हा माझा स्वार्थ आहे का?

समजावणं बंद करा. आजपासून.

अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, नवीन गोष्ट लक्षात ठेवणारा मेंदूचा भागच सहसा आधी निकामी होतो. तुम्ही कितीही पुरावे दिलेत तरी ते साठणार कुठे? ओरडलात काय ते विसरलं जातं, ओरडल्याची धास्ती मात्र राहते. यावर प्रयोगही झालेत. अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी प्रसंग पडद्यावर दाखवले. थोड्या वेळाने काय पाहिलं ते आठवेना, पण उदासी तशीच होती.

हे माझ्या नणंदेला आजही मान्य नाही.

आमचे हे संध्याकाळ झाली की आईला शोधायला लागतात. उजेड उतरला की ह्या आजारात बऱ्याच जणांची घालमेल वाढते. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली. वन्सं राहायला आल्या होत्या. ह्यांनी विचारलं, "आई आली नाही अजून?" वन्सं म्हणाल्या, "अरे, असं काय करतोस? आई गेली ना आपली!" ह्यांचा चेहरा असा पडला की आत्ताच कुणीतरी बातमी आणली. हुंदके देऊन रडले. "मला कुणी कळवलं का नाही?" म्हणून माझ्यावर डाफरले. अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न, वन्संचं पुन्हा तेच उत्तर आणि पुन्हा नव्याने मरण. तिसऱ्यांदा तोंड उघडायच्या आत मी मध्ये पडले. "आईंची आठवण येतेय का? त्या तुमच्यावर रागवायच्या का हो?" झालं. लहानपणी गच्चीवरून उडी मारली होती ती गोष्ट निघाली, हसले, माझा हात धरून बसले. आई आली की नाही हा विषयच राहिला नाही. बरं, यात मी खोटं काय बोलले? "येतील हं" असंसुद्धा म्हटलं नव्हतं.

तरी स्वयंपाकघरात मला ऐकवलंच, "तू माझ्या भावाला फसवतेस. माझ्याशी तर तो अगदी व्यवस्थित बोलतो."

बोलतात ना! पाहुण्यांसमोर ही माणसं सगळं बळ एकवटून नीट वागतात. जुने शिष्टाचार, ठरलेली वाक्यं, हसणं, सगळं शाबूत असतं. तास-दोन तास निभावतं. पाहुणे गेले की जो थकवा आणि चिडचिड बाहेर पडते ती आपल्या वाट्याला. डॉक्टरांसमोरही हेच होतं, म्हणून घरी काय चालतं ते आधी कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.

त्याच मुक्कामात ह्यांनी वन्संना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "ही बाई माझे पैसे काढते." आणि वन्सं माझ्या कपाटाकडे बघायला लागल्या. हे मी विसरणार नाही, मला काही डिमेन्शिया नाही. आजाराला ज्यांचं नाव मिळालं त्या डॉक्टर अल्झायमरांची पहिली प्रसिद्ध रुग्ण म्हणजे ऑगस्टे डेटर. 1901 मध्ये तिला फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आणलं तेव्हा ती 51 वर्षांची होती आणि घरात आधी लक्षात आला तो तिचा नवऱ्यावरचा संशय. म्हणजे जोडीदारावर आळ घेणं तेव्हापासूनचं आहे. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, मग जवळ असेल तो चोर. आणि जवळ असतो कोण? तुमच्यावर आळ आला तर निर्दोषत्व सिद्ध करत बसू नका. "सापडत नाही का? चला, शोधू" म्हणा आणि खरोखर शोधा.

बाकी बोलण्याचं म्हणाल तर समोर बसून बोला, टीव्ही बंद करून, एका वेळी एकच गोष्ट. उत्तराला वेळ लागतो तो द्या, मध्ये शब्द पुरवू नका. "आठवतं का?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा, ती परीक्षा होते. काय हवं म्हणून विचारण्यापेक्षा दोन वस्तू हातात धरून दाखवा.

एकटेपणा. स्वार्थ कसला त्यात? माणूस समोर बसलेलं असतं आणि ज्याच्याशी आयुष्यभर भांडलो ते कुठेच नसतं. मला तर ह्यांच्याशी हिशेबावरून होणारी भांडणं आठवून रडू येतं. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा अर्ध्या ताटातुटीवर आयुष्यभर काम केलंय, त्यामुळे तुमचं काही जगावेगळं चाललेलं नाही. खरं बोलायला एक माणूस मात्र ठेवा, बायको सोडून. मुलांना ते झेपेलच असं नाही.

हे सगळं मधल्या टप्प्यापुढचं, हं. सुरुवातीला माणसाला बरंच कळत असतं. तेव्हा टोलवाटोलवी केलीत तर तो अपमानच आहे. पैसे, सह्या, पुढे कोणी काय बघायचं, हे तेव्हाच दोघांनी बसून ठरवून घ्या. आणि एक-दोन दिवसांत अचानक बिघडल्या तर डिमेन्शिया वाढला म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग किंवा नवीन गोळीसुद्धा असं करते. नसलेली माणसं दिसत असतील तर डॉक्टरांना न विचारता शांत करणारी गोळी देऊ नका, डिमेन्शियाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात अशा काही गोळ्या जिवावर बेततात.

आणि "आमच्याशी तर चांगली बोलते" म्हणणारं कोणी तुमच्याही घरी असेलच. त्यांना दुपारी बोलावू नका. दिवेलागणीला बोलवा आणि रात्री थांबवून घ्या. वन्संना मी तेव्हापासून दरवर्षी हेच आमंत्रण देते. अजून जमलेलं नाही त्यांना.