नागपुरात फोनवरचे लोकेशन चुकते आणि बॅटरीही लवकर उतरते, यावर उपाय काय?

इतवारीच्या अरुंद गल्लीत नकाशावरचा आपला निळा ठिपका शेजारच्या गल्लीत दिसला, तर तो बहुधा फोनचा दोष नसतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि स्थान ठरवण्यासाठी फोनला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. इमारतींच्या भिंतींवर आपटून आलेला संकेत किंचित उशिरा पोहोचतो, त्यामुळे अंतर जास्त मोजले जाते आणि ठिपका सरकतो. वर्धा मार्गावर तर वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल आणि खाली रस्ता, तेव्हा आपण नेमके कोणत्या मजल्यावर आहोत हे नकाशा दर वेळी ओळखेलच असे नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये वायफाय स्कॅनिंग सुरू ठेवावे, कारण दाट बाजारपेठेत आसपासच्या राउटरांवरूनही स्थानाचा अंदाज बांधला जातो. दिशेचा बाण उलटा दिसत असेल तर फोन इंग्रजी आठाच्या आकारात फिरवावा, पण त्याआधी चुंबकाचे कव्हर काढावे. मी हे विसरून अर्धा तास फोन फिरवत बसलो होतो.

बॅटरीसाठी सर्वांत परिणामकारक उपाय अ‍ॅपना दिलेल्या लोकेशनच्या परवानग्यांचा आहे. ‘नेहमी’ऐवजी ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच परवानगी द्यावी. हवामानाच्या अ‍ॅपला अंदाजे स्थान पुरते. मे महिन्याच्या उन्हात मात्र जीपीएसपेक्षा पूर्ण उजेडावर ठेवलेला स्क्रीनच बॅटरी अधिक खातो, म्हणून दुचाकीवर फोन खिशात ठेवून आवाजी सूचना ऐकाव्यात.