कर्णधार एकटा पुरत नाही
संघ नव्याने हाती घेतोयस, तर २०१० च्या फुटबॉल विश्वचषकातल्या फ्रान्सचं काय झालं ते नीट वाच. मेक्सिकोविरुद्ध मध्यंतराला आघाडीचा खेळाडू आनेल्का प्रशिक्षक डोमेनेकवर भडकला, ते वर्तमानपत्रात छापून आलं, त्याला घरी पाठवलं. मग कर्णधार एव्हरासह खेळाडूंनी सरावालाच नकार दिला. बसमध्ये जाऊन बसले. त्यांचं निषेधपत्र पत्रकारांना वाचून दाखवलं खुद्द डोमेनेकने! फ्रान्स गटातच बाद झाला.

माझ्या मते, भांडण ड्रेसिंग रूममध्येच मिटवेल असा, दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला माणूसच तिथे उरला नव्हता. तू असे तीन-चार खेळाडू पहिल्याच महिन्यात हेरून ठेव. राखीव गोलरक्षकही चालेल. त्यांचं कडू बोलणंही शांतपणे ऐक. आणि कोणाला झापायचंच असेल, तर एकट्याला बोलावून.