अँबॅसडरचे दोन्ही काटे एकदम वर? मीटर बदलायच्या आधी अर्थिंग बघा

तुम्ही लिहिलंय की गाडी पावसाळाभर रत्नागिरीला पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, आता चालू केली की टाकीत चार लिटर असूनही पेट्रोलचा काटा फुलच्या पुढे जातो, टेम्परेचरचाही इंजिन थंड असताना वर चढतो, आणि गॅरेजवाला म्हणतोय अख्खा मीटर बदला. दादा, थांबा जरा. दोन मीटर एकाच दिवशी एकाच दिशेने बिघडत नाहीत. दोघांना सप्लाय देणारी वस्तू एकच आहे, मीटरच्या मागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर, पत्र्याची एक छोटी डबी.

त्या डबीत बायमेटलची, म्हणजे दोन धातू जोडून केलेली पट्टी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. तार तापली की पट्टी वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो, थंड झाली की परत चिकटतो, आणि अशी उघडझाप करत ती बारा-चौदा व्होल्टचे सरासरी दहा करून मीटरला देते. पण तार तापायला डबीला बॉडीचा अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी पक्की जोडणी पाहिजे. तो गेला की पट्टी तापतच नाही, कॉन्टॅक्ट चिकटलेलाच राहतो आणि मीटरला सगळे चौदा व्होल्ट जातात, मग काटे वर जाणारच. आणि आपल्या खाऱ्या हवेत अर्थ किती टिकतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माझ्या गाडीची डबी काढली तेव्हा स्क्रूखाली पत्र्यावर तांबूस पापुद्रा आणि पितळी टर्मिनलवर हिरवी पूड जमलेली होती, बोटाला लागत होती. बॅटरीची वायर काढून पॉलिश पेपरने दोन्ही जागा चकचकीत होईपर्यंत घासल्या, स्क्रू घट्ट केला, वरून व्हॅसलिन लावलं, आणि काटे जागेवर आले. तुम्हीपण आधी एवढंच करा.

नाहीच झालं तर डबीच्या आउटपुटला टेस्ट लॅम्प लावा. नीट असेल तर लुकलुकतो, सतत पेटून राहिला तर कॉन्टॅक्ट चिकटलाय. मग ७८१० नावाची दहा व्होल्टची रेग्युलेटर आयसी दोन छोट्या कपॅसिटरसकट जुन्या डबीतच बसवता येते, किंमत अगदी किरकोळ, फक्त गाडी निगेटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली आहे ना हे बघून घ्या आणि आयसीची पाठ डबीच्या पत्र्याला टेकू दे म्हणजे गरम होणार नाही.

एक कृपा करा, चेक करायला म्हणून मीटरला थेट बॅटरीचे बारा व्होल्ट देऊ नका, आतली वायर जळते आणि मग खरंच नवा घ्यावा लागतो. अँबॅसडर बनायची २०१४ लाच बंद झाली, आता बाजारात जे मिळतं त्याचे आकडे, काट्याचा रंग, काहीच जुन्याशी जुळत नाही, मला तरी ते बघवत नाही. डायल पुसायला स्पिरिटपण नको, छपाई निघून येते.

स्टॅबिलायझर नीट झाल्यावर पेट्रोलचा काटा शून्यावरच बसला तर टाकीवरच्या सेंडरचा, म्हणजे पेट्रोल किती आहे ते मीटरला कळवणाऱ्या भागाचा अर्थ बघा, तोही तसाच गंजतो. सेंडरची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवा, काटा वर चढायला लागला की मीटर आणि वायर ठीक, लगेच काढा.

हे होईपर्यंत आंबा घाटात जाऊ नका, इंजिन खरंच तापलं तरी टेम्परेचरचा काटा सांगणार नाही.